वाचकांचे प्रश्न : आगगाड्या, विमाने आणि पूल यांचे छायाचित्रण

आगगाड्या, विमाने आणि पूल यांची छायाचित्रे काढण्याचा छंद असलेल्या वाचकांची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे निरनिराळ्या गावांहून आली असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे उभे कोठे राहावे. कायदा, सुरक्षितता आणि प्रकाश या तिन्ही गोष्टी त्या एका निर्णयावर अवलंबून असतात आणि कॅमेऱ्याची निवड त्यानंतर येते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेल्वे इंजिनांची छायाचित्रे काढण्यासाठी एका स्थानकावर फलाट तिकीट काढून उभा असताना मला हटकण्यात आले आणि कॅमेरा बंद करायला लावला. तिकीट असूनही असे करता येते का? — एक विद्यार्थी, बदलापूर

उत्तर : येते. दहा रुपयांचे फलाट तिकीट आपल्याला दोन तास फलाटावर थांबू देते, परंतु छायाचित्रणाचा परवाना त्यात येत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा जसा गुन्हा आहे, तसाच रीतसर आत आल्यानंतर जायला सांगितले असताना न जाणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे फलाटावर हुज्जत घालून काही साधत नाही.

व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी संबंधित क्षेत्रीय रेल्वेच्या जनसंपर्क कार्यालयाकडून घ्यावी लागते. आपल्यासारख्या हौशी व्यक्तीनेही त्याच कार्यालयाला आपले नाव, ओळखपत्राची प्रत, स्थानक, तारीख आणि हेतू स्पष्ट लिहून पत्र पाठवावे, कारण लेखी उत्तर हाती असले की फलाटावरचे संभाषण फारच सोपे होते. त्यापलीकडे एक जुना मार्ग आहे आणि मी तो मनापासून सुचवतो : स्थानकात गेल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटून आपण काय करणार आहोत ते सांगावे. लपून छायाचित्रे काढणाऱ्या मुलाचा संशय येणे स्वाभाविक आहे. स्वतःहून येऊन विचारणाऱ्याला अनेकदा कोणत्या फलाटावरून चांगले दिसेल हेही सांगितले जाते. फलाटावर ट्रायपॉड मांडू नये, कारण गर्दीत त्याला अडखळून कोणी रुळांवर पडू शकते. गाडी चालवणाऱ्या लोको पायलटच्या किंवा मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश कधीही मारू नये. लष्करी सामग्री नेणारी गाडी दिसली तर कॅमेरा खाली घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाच्या प्रत्येकाला सांगणे मला आवश्यक वाटते. मुंबई परिसरातील ओव्हरहेड वायरमध्ये पूर्वी १,५०० व्होल्टचा प्रवाह होता. टप्प्याटप्प्याने तो बदलून आता तेथे २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. इतक्या दाबाच्या तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, नुसते जवळ गेल्याने विजेची ठिणगी अंगावर झेपावते. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर चढून छायाचित्र किंवा सेल्फी घेताना कितीतरी तरुण मुले अशीच होरपळून गेली आहेत. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक तारांच्या दिशेने पुढे करणेही तितकेच घातक आहे.

प्रश्न : भोर घाटात डेक्कन क्वीनची छायाचित्रे घेण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला, परंतु इंजिनाचा दर्शनी भाग नेहमी काळवंडलेला येतो. कॅमेरा बदलावा का? — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : कॅमेरा बदलू नका. आपल्या अडचणीचे कारण गाडीच्या वेळापत्रकात आहे. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी सकाळी पुण्याहून मुंबईकडे, म्हणजे साधारण वायव्येला जाते आणि संध्याकाळी उलट दिशेने परत येते. सकाळी सूर्य पूर्वेला असतो आणि संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजेच दोन्ही फेऱ्यांत तो गाडीच्या पाठीशी राहतो आणि इंजिनाच्या तोंडावर ऊन पडतच नाही. याउलट सकाळी मुंबईहून निघणारी इंद्रायणी एक्सप्रेस घाट चढते तेव्हा तिचे तोंड उगवतीकडे असते, आणि दुपारी पुण्याहून निघालेली डेक्कन एक्सप्रेस घाट उतरताना मावळतीच्या दिशेने येते. या दोन गाड्यांची दर्शनी बाजू उजळलेली मिळते.

डेक्कन क्वीनच हवी असेल, तर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे समोरून छायाचित्र घेण्याचा हट्ट सोडून वळणावर बाजूने संपूर्ण गाडी घ्यावी. दुसरा म्हणजे पावसाळ्यातील ढगाळ दिवस निवडावा, कारण तेव्हा प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो आणि घाटही हिरवा असतो. संध्याकाळची फेरी मात्र एप्रिल ते जुलै या काळातच शक्य होते. हिवाळ्यात गाडी घाटात पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, तो म्हणजे गाडी पुढे जाऊ द्यावी आणि मग तिचा मागचा भाग टिपावा. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, आणि म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. या घाटाचे खरे वैशिष्ट्य गाडीच्या शेवटी असते. नवखी माणसे पुढचे इंजिन गेले की कॅमेरा खाली घेतात आणि नेमके तेच गमावतात.

सूर्याच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की आपल्याकडे वर्षाचा बराच काळ तो दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून रुळांच्या दक्षिणेस उभे राहणे फायद्याचे ठरते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या दरम्यान, दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो. त्या काळात हा नियम उलटतो.

उभे राहण्यासाठी नागफणीचा माथा किंवा खंडाळ्याची दरीकडेची सार्वजनिक ठिकाणे निवडावीत. रुळांवरून चालत मंकी हिलकडे किंवा गोव्याच्या बाजूला दूधसागरकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तसे जाण्यास रेल्वेची सक्त मनाई आहे. घाटातील बोगद्यात आणि कातळाच्या कडेला माणसाला बाजूला होण्यापुरतीही जागा अनेक ठिकाणी नसते, आणि पावसाच्या व धबधब्याच्या आवाजात उतारावरून येणारी गाडी ऐकू येत नाही. दुरून, उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात गाडीसोबत घाटही येतो, आणि घाटाशिवाय या गाडीच्या छायाचित्राला मला तरी फारसा अर्थ वाटत नाही.

प्रश्न : लोकलच्या पुढच्या पाटीवरील अक्षरे छायाचित्रात अर्धवट का येतात? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाटीवरील एलईडी दिवे डोळ्यांना सलग दिसत असले, तरी प्रत्यक्षात ते अतिशय वेगाने उघडझाप करत असतात. शटर त्याहून वेगवान असेल, तर त्या क्षणी विझलेला भाग छायाचित्रात काळा येतो. शटरचा वेग सेकंदाच्या १/१२५ भागापर्यंत किंवा त्याहून खाली आणावा. गाडी स्थानकात थांबत असताना तेवढा वेग पुरतो.

प्रश्न : माझ्या बारावीतील मुलाला विमानांच्या छायाचित्रणाचे वेड लागले आहे. आम्ही लोहगावजवळ राहतो. त्याला धावपट्टीच्या कुंपणापाशी जाऊ द्यावे का? — एक पालक, पुणे

उत्तर : जाऊ देऊ नये. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि नागरी विमाने ती वापरतात; गोव्यातील दाबोळीही अशाच प्रकारे नौदलाच्या ताब्यात आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील निषिद्ध जागेच्या व्याख्येतच संरक्षण दलांचे तळ येतात. पूल किंवा रेल्वेमार्ग त्या व्याख्येत आणण्यासाठी केंद्र सरकारला स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते, तशी येथे गरजही नसते. विमानात बसल्यावरसुद्धा अशा विमानतळांवर खिडकीतून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिची कडक आठवण करून दिली होती. मुलाला हे रागावून न सांगता नीट समजावून सांगावे, कारण त्याचा छंद चांगला आहे आणि तो टिकावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुटीत त्याला मुंबईला न्यावे. तेथे वर्षातील बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून येत असल्यामुळे विमाने पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या वरून उतरतात, आणि जरीमरीच्या आसपास ती इतकी खाली असतात की साध्या लेन्सनेही चौकट भरते. सार्वजनिक रस्त्यावर किंवा ओळखीच्या घराच्या गच्चीवर, मालकांच्या संमतीने उभे राहावे. कुंपणाला टेकू नये आणि पोलिसांनी विचारल्यास छायाचित्रे दाखवावीत. उतरणाऱ्या विमानाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन त्याच्या नाकावर पडते. मात्र भर दुपारी पत्र्यांवरून आणि रस्त्यांवरून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे लांबच्या लेन्समध्ये कडा थरथरल्यासारख्या येतात, म्हणून चारनंतरची वेळ बरी.

जेट विमानासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० भागाइतका ठेवावा. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला तोच वेग लावला, तर पंख्याची पाती गोठलेली दिसतात आणि विमान हवेत बंद पडल्याचा भास होतो. तेथे १/२०० किंवा त्याहून कमी वेग ठेवून विमानाबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो. सुरुवातीला बरीच छायाचित्रे हलतील, त्याने खचून जाऊ नये.

प्रश्न : गाड्या आणि विमाने हलतात, म्हणून त्यांच्यात थरार असतो. जागच्या जागी उभ्या पुलाचे छायाचित्र पुन्हा पुन्हा काय काढायचे? — एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रश्न सांगलीहून यावा याचे मला नवल वाटते, कारण पुन्हा पुन्हा पाहिला जाणारा असा पूल महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात सारे राज्य विचारते. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले होते. नदीकाठच्या एकाच पायरीवरून, एकाच लेन्सने, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पूर ओसरल्यावर आपण हा पूल टिपत राहिलात, तर काही वर्षांत आपल्याजवळ नदीचाही इतिहास जमा होईल. पूर चढत असताना मात्र त्या पायरीचा विचारही करू नये.

पूल जागचे हलत नाहीत हेही पुरते खरे नाही, कारण ते जातात. पुणे-मुंबई रस्त्यावरचा १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडण्यात आला. मुंबईतील १८६८ सालचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये सत्तावीस तासांचा रेल्वे ब्लॉक घेऊन उतरवला गेला. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात माणसांसह वाहून गेला. हे पूल असताना त्यांखालून आणि त्यांवरून असंख्य लोक गेले, पण त्यांच्या कमानींचे, दगडांच्या सांध्यांचे, रिव्हेटांचे आणि कोनशिलांचे जवळून घेतलेले छायाचित्र किती जणांकडे असेल? म्हणून पुलाचे एक देखणे छायाचित्र झाले की थांबू नये. खांब जमिनीला कसा टेकतो, तुळई खांबावर कशी बसते, पाणी जाण्यासाठी खांबाचे टोक कसे निमुळते केले आहे, कोनशिलेवर काय कोरले आहे, हे सारे घ्यावे.

जुन्या, वापरातून काढलेल्या पुलावर मात्र उभे राहू नये. जून २०२५ मध्ये मावळात इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. पूल काठावरूनच चांगला दिसतो. वाहत्या सागरी पुलांवर, म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू किंवा अटल सेतूवर, गाडी थांबवणे हा गुन्हा आहे. तेथेही किनाऱ्यावरूनच छायाचित्रे घ्यावीत.

प्रश्न : रेल्वे पुलाचे ड्रोनने चित्रण करू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रेल्वेची लेखी परवानगी नसेल तर करू नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आपले ठिकाण हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की लाल (मनाईच्या) क्षेत्रात येते हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावे लागते. क्षेत्र हिरवे असले, तरी ओव्हरहेड वायरवर किंवा रुळांवर ड्रोन पडल्यास गाडी थांबते आणि जबाबदारी आपली असते. पानवल नदीवरील चौसष्ट मीटर उंचीचा पूल समोरच्या टेकडीच्या उतारावरूनही अतिशय सुंदर येतो.

प्रश्न : माझे वडील रेल्वेत होते. त्यांनी काढलेल्या मिरज-पंढरपूर छोट्या गाडीच्या निगेटिव्ह आणि छायाचित्रे घरात आहेत. त्यांचे काय करावे? — एक वाचक, मिरज

उत्तर : हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, १९११ पर्यंत लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला, आणि कित्येक पिढ्यांचे वारकरी त्या गाडीने पंढरपूरला गेले. रुंदीकरणानंतर ती गाडी इतिहासजमा झाली आहे, त्यामुळे आपल्याकडील प्रत्येक निगेटिव्ह मोलाची आहे.

निगेटिव्ह हाताळताना सुती हातमोजे घालावेत आणि फक्त कडांना धरावे. त्या प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवू नयेत. प्रत्येक पट्टी आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात घालून कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, कारण पावसाळ्यातील दमट हवेत त्यांवर बुरशी येते. पुसण्याचा प्रयत्न घरी करू नये. स्कॅन करताना निगेटिव्हसाठी किमान २,४०० डीपीआय ठेवावे आणि मूळ फाइल कधीही दुरुस्त न करता दोन वेगळ्या ठिकाणी जपावी. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने स्थानक, साल, इंजिनाचा क्रमांक आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. शाईचे पेन वापरू नये. वडिलांचे सहकारी हयात असतील, तर हे लेखन आधी करावे आणि स्कॅनिंग नंतर, कारण निगेटिव्ह आणखी काही महिने थांबू शकतात.