वाचकांचे प्रश्न: ऑटोपायलट हट्टाला पेटला तर

प्रश्न: आमच्या सेसना १७२ या छोट्या विमानात केएपी १४० ऑटोपायलट आहे. किनाऱ्याने जाताना नाक आपोआप खाली जायला लागलं, तर लाल बटण दाबलं की काम झालं, असं सोबतची मुलं म्हणतात. खरं का?
– शिकाऊ वैमानिक, रत्नागिरी

उत्तर: अर्धंच खरं. ते बटण दाबून सोडायचं नाही, दाबून धरायचं. योकवरचं (विमान चालवायच्या हँडलवरचं) हे लाल बटण ऑटोपायलट सोडवतं आणि दाबलेलं असेतोवर ट्रिमच्या, म्हणजे नाकाचा वर-खाली कल धरून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, मोटरची वीजही तोडतं. दोष ट्रिममध्ये असेल तर अंगठा उचलताच मोटर पुन्हा फिरू लागते.

त्याआधी योक घट्ट पकडा. ट्रिम बरंच फिरलेलं असलं, तर ऑटोपायलट सुटताना हाताला चांगलाच हिसका बसतो. डावा अंगठा बटणावर, उजवा हात मोकळा. पंख सरळ करा, वेग वाढत असेल तर थ्रॉटल मागे घ्या, मग ट्रिमचं चाक हाताने फिरवून योकवरचा भार उतरवा. त्यानंतर ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर (त्याची वीज तोडणारं बटण) ओढायचा आणि मगच अंगठा उचलायचा. ब्रेकर कुठे आहे हे हवेत शोधत बसू नका. जमिनीवर असताना डोळे मिटून बोट तिथे जातं का ते पाहा. उरलेल्या उड्डाणात ऑटोपायलट 'एकदा लावून बघू' हे अजिबात नको.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे ऑटोपायलट चालू ठेवून योक ओढत राहणं. सर्व्होच्या (ऑटोपायलटच्या मोटरच्या) घसरणाऱ्या क्लचमुळे हाताची ताकद सुरुवातीला पुरते, म्हणून माणूस फसतो. तुम्ही नाक वर ओढता तसं ऑटोट्रिम ते खाली ढकलण्यासाठी फिरत राहतं, आणि थोड्याच वेळात दोन्ही हात कमी पडतात.

प्रश्न: दिवे सगळे ठीक, हेडिंग मोड (ठरलेली दिशा धरणारा) लागलेला, तरी विमान ठरलेल्या दिशेवरून हळूहळू सरकतं. ऑटोपायलट गेला समजायचं का?
– वाचक, मालवण

उत्तर: आधी दिशादर्शक जायरो तपासा. हेडिंग मोड त्याच्या बगच्या (त्यावर लावलेल्या दिशेच्या खुणेच्या) मागे जातो, आणि जायरो भटकतो; दर १५ मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवावा लागतो, तोही विमान सरळ आणि समपातळीत असताना. रत्नागिरीहून दक्षिणेला निघून १० अंशांची चूक डावीकडे राहिली, तर ६० नॉटिकल मैलांत तुम्ही साधारण १० मैल आत, म्हणजे सह्याद्रीच्या दिशेने गेलेले असता. पावसाळी ढगांत हे परवडणारं नाही.

हवा खेचून यंत्रं फिरवणारा व्हॅक्यूम पंप बसला तर कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं यंत्र) आणि हा जायरो दोन्ही जातात. मात्र केएपी १४० पंख सरळ ठेवण्याची माहिती विजेवर चालणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरकडून (वळण दाखवणाऱ्या यंत्राकडून) घेतो. म्हणून क्षितिज कलंडलेलं आणि ऑटोपायलट शांत दिसला, तर त्याला लगेच दोष देऊ नका. टर्न कोऑर्डिनेटर पाहा. हेडिंग मोड काढून रोल मोड ठेवला की तो पंख सरळ धरतो.

एक जवळचाच घोटाळा: व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये चढाईचा दर ठेवला आणि पॉवर वाढवायची राहिली. ऑटोपायलट थ्रॉटलला हात लावत नाही. तो दर टिकवायला नाक उचलत राहतो आणि वेग गळत जातो. हा बिघाड नव्हे.

प्रश्न: विमान समुद्राजवळ उघड्यावर असतं. उड्डाणाआधी काय पाहावं?
– वाचक, देवगड

उत्तर: खारी हवा कनेक्टरच्या पिना आणि अर्थिंगच्या पट्ट्या खाते, त्यातून येतो-जातो असा दोष उद्भवतो. पावसानंतर स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं) पुसून मोकळे आहेत ना ते पाहा, नाहीतर उंची धरणं डळमळतं. मग ऑटोपायलट लावून योक हाताने हलतो का ते बघा आणि लाल बटणाने तो सुटतो का तेही. ट्रिम स्विचचा एकच अर्धा भाग दाबल्यावर चाक हलता कामा नये. दोन्ही दाबून चाक फिरत असताना लाल बटण दाबलं की ते थांबलं पाहिजे. यातलं काही चुकलं तर ब्रेकर ओढून ठेवा आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत) मोड, वेग, उंची व पेटलेला दिवा लिहा. नुसतं 'ऑटोपायलट खराब' लिहिलं तर इंजिनिअरला काहीच सापडत नाही.