पदवी इंग्रजीची, एम.ए. स्पॅनिशचं: झेपेल का?

ऑनलाइन स्पॅनिश शिकलेली बरीच मुलं-मुली आता मराठवाड्यातही भेटतात. सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची काळजी साधारण एकच असते: पदवी दुसऱ्या विषयात झाली, भाषा उशिरा हाती लागली, मग स्पॅनिशच्या एम.ए.ला प्रवेश मिळेल का, आणि मिळाला तर झेपेल का? सोबतच्या आई-वडिलांचा प्रश्न वेगळा असतो. हे करून पुढं काय? लातूरला माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, त्यात दोन्हींचं उत्तर आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी परभणी जिल्ह्यातल्या गावची. नीटसाठी लातूरला ठेवलेली. नंबर लागला नाही, म्हणून इथंच इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. त्या तीन वर्षांत रात्रीच्या क्लासमधून तिनं बी१ पातळीपर्यंतचं (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) स्पॅनिश शिकून घेतलं होतं. वडील सोयाबीन-कापूस करणारे. "मॅडम, रात्री एक-एक वाजेपर्यंत लेकरू त्या भाषेत बोलायलंय," ते म्हणाले. "हुशार आहे, मला दिसतंय. पण ही भाषा शिकून पोट भरतं का?" मुलीचं म्हणणं वेगळंच होतं. "तिथं दिल्लीची मुलं असतील, बी.ए.पासून स्पॅनिश केलेली. माझं हसं होईल."

अशा वेळी 'तुला जमेल गं' म्हणणं सोपं असतं. पण मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. मी तिला एक काम दिलं. स्पेन किंवा मेक्सिकोतल्या एखाद्या विद्यापीठाचं साहित्यावरचं तासाभराचं व्याख्यान यूट्यूबवर शोधायचं, सबटायटल बंद ठेवून ऐकायचं, टिपणं काढायची आणि मग वही मिटून त्यावर एक पान स्पॅनिशमध्ये लिहायचं. एम.ए.च्या वर्गात रोज हेच करावं लागतं.

वही घेऊन ती आली तेव्हा आम्ही दोघींनी ती नीट पाहिली. सुरुवातीचं पान गच्च भरलेलं, नावं, सनावळ्या, बाण काढून जोडलेले मुद्दे. पुढच्या पानावर ओळी विरळ होत गेलेल्या. शेवटच्या वीस मिनिटांत तर सुटे शब्द आणि प्रश्नचिन्हं. तिला वाटलं, संपलं सगळं. पण तिनं लिहिलेलं पान मी एका स्पॅनिश शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं होतं. वाक्यं साधी, चुका थोड्या, आणि वक्त्याचं कुठलं म्हणणं पटलं नाही तेही तिनं कारणासकट मांडलेलं. म्हणजे लिहिणं आणि विचार मांडणं पक्कं होतं. कमी पडत होता कान, तोही ऐकून थकत होता म्हणून. भीती सगळ्या भाषेची होती, दुखणं एका जागी निघालं.

मी सुचवलं की लगेच अर्ज न करता एक वर्ष घ्यावं आणि बी२ची 'देले' परीक्षा द्यावी. स्पेनच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेसची ही परीक्षा दिल्लीत त्यांच्या केंद्रावर देता येते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. वाचन-लेखनाचा एक गट, ऐकणं-बोलण्याचा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण लागतात, त्यामुळं लेखनाच्या जोरावर कच्चा कान झाकता येत नाही. तिला नेमकं हेच हवं होतं. ('सिएले' नावाची संगणकावरची परीक्षाही आहे, तिचा निकाल पाच वर्षं चालतो.)

वडिलांचा चेहरा उतरला. "अजून एक वर्ष वाया?" मी म्हटलं, "भाऊ, नीटला रिपीट करायला तुम्ही तयार होतात की नाही?" लातुरात रिपीटर मुलांनी होस्टेलं भरलेली असतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तेच वर्ष भाषेसाठी मागितलं की ते वाया जाणारं ठरतं. हा दुजाभाव मला मनापासून खुपतो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, करू द्या तिला."

त्या वर्षात अर्जाचं कामही झालं. आपल्याकडे स्पॅनिशचं एम.ए. मोजक्या ठिकाणी आहे, त्यातली ठळक नावं: दिल्लीत जेएनयू, दिल्ली विद्यापीठात हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश) स्टडीज, आणि हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, इफ्लू. जेएनयूला सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांनी माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान ओळ न ओळ वाचावं. कुठं स्पॅनिशचीच पदवी मागतात, कुठं कोणतीही पदवी आणि सोबत भाषेची ठरावीक पातळी चालते. अटी वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून मैत्रिणीनं मागच्या वर्षी काय केलं त्यावर विसंबू नये.

मध्येच एका एजंटानं 'स्पेनमध्ये एका वर्षात मास्टर्स' सुचवलं. स्पेनमध्ये ६० क्रेडिटचं एक वर्षाचं अधिकृत मास्टर्स खरोखर असतं, त्यात खोटं काही नाही. पण विद्यापीठं स्वतःच्या नावानं देतात ते 'तीतुलो प्रोपिओ'ही असतं, आणि ते अधिकृत पदवीत मोजलं जात नाही. अधिकृत अभ्यासक्रम तिथल्या सरकारी नोंदवहीत, आरयूसीटीमध्ये, सापडतो. त्या एजंटाचा कोर्स त्यात नव्हता. विषय तिथंच मिटला.

देलेत पास झाल्यावर तिला हैदराबादला प्रवेश मिळाला. परभणीहून रात्रीच्या रेल्वेनं सकाळी पोचता येतं, आणि निजामाचा काळ पाहिलेल्या आजीला हैदराबाद परकं नव्हतंच. होस्टेलचं बघता बघता झालं.

खरी कसोटी पहिल्या सेमिस्टरला लागली. दिवाळीच्या आधी फोन आला, "मॅडम, मी परत यायलीय." बोलण्यात वर्गातली मुलं पुढं होतीच. त्यात सतराव्या शतकातलं गद्य वाचायला आलेलं. मी विचारलं, "वाचतेस कशी?" ती प्रत्येक अनोळखी शब्द शब्दकोशात पाहून वहीत मराठी अर्थ लिहीत होती. एका रात्रीत चार पानं होत नव्हती, आणि चारही पानांत लेखक काय म्हणतो ते निसटत होतं. तिला म्हटलं, पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचंच नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक ओळ, तीही स्पॅनिशमध्ये. शब्दकोश तिसऱ्यांदा, आणि ज्याच्यावाचून अडलंय त्याच शब्दासाठी. आणि शिक्षकांना भेटून आपली पदवी कुठल्या विषयाची आहे ते सरळ सांगायचं. ती भेटली. त्यांनी आधी वाचायची सोपी टिपणं दिली.

दुसरं तिचं तिलाच सापडलं. बी.ए.ला कविता उलगडून लिहायची सवय झालेली, ती वर्गातल्या अनेकांना नव्हती. मग एका मुलीशी तिची जोडी जमली. ही तिला कवितेवरचं उत्तर कसं बांधायचं ते सांगायची, ती हिच्याशी रोज जेवताना स्पॅनिशमध्येच बोलायची. दुसऱ्या पदवीतून आलेली मुलं हात हलवत येत नाहीत, फक्त आपल्याकडे काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. एम.ए. वेळेत पूर्ण झालं.

आता पोटापाण्याचं. मराठवाड्यातल्या कॉलेजात स्पॅनिशच्या प्राध्यापकीची आशा धरून हे एम.ए. करू नये, असं मी स्पष्ट सांगते. नेट परीक्षेत स्पॅनिश हा विषय आहे, पण जागा थोड्या. काम मिळतं ते हैदराबाद, पुणे, बंगळूर, गुडगावच्या कंपन्यांत, जिथून स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले हिशेब, ग्राहक, पुरवठादार सांभाळले जातात. शिवाय शाळा आहेत, भाषांतर आहे. तिला हैदराबादच्याच दोन कंपन्यांनी बोलावलं तेव्हा वडिलांचा फोन आला, "कुठली घ्यावी?" मी म्हटलं, काम कुठल्या देशाशी आहे ते आधी विचारा. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं, म्हणजे कायमची रात्रपाळी. स्पेन उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं, म्हणजे दुपारी जाऊन रात्री परत. पगार मेक्सिकोच्या कामाला जास्त होता. तिनं स्पेनचं घेतलं, कारण सकाळी तिला नेटचा अभ्यास करायचाय. वडिलांनी एकच अट घातली, रात्री कंपनीची गाडी हवी. ती मिळाली.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी माझ्याकडे येण्याआधी ते तासाभराचं व्याख्यान ऐकून, टिपणांची वही आणि लिहिलेलं पान सोबत आणावं. वही अर्धी कोरी राहिली तरी तशीच आणा.