चौथीच्या मुलांना इतिहासातून नागरिकत्व कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न असा की तिसरी-चौथीची मुलं राजांच्या गोष्टी मन लावून ऐकतात पण हक्क, कर्तव्यं, कॉर्पोरेशन असलं काही आलं की जांभया द्यायला लागतात, तर मग इतिहासातूनच नागरिकत्व शिकवता येईल का. येतं, नक्की येतं. मी बडोद्यात प्राथमिकला शिकवते आणि माझं तर मत आहे की या वयात वेगळं नागरिकशास्त्र नकोच, फक्त राजाची गोष्ट "राजा किती चांगला होता" इथे संपवू नका.

आमच्याकडे बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज मुलांना शाळेत यायच्या आधीपासून माहीत असतात. त्यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं, आणि मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. हा दंड मुलांना फार आवडतो! मग मी विचारते, नियम चांगला होता का? हो. लोकांना विचारून केला होता का? नाही. मग उद्या याच राजाने वाईट नियम केला असता तर कोणाकडे जायचं? इथे वर्गात खरी चर्चा सुरू होते, आणि मग 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगितला, की 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळालीच पाहिजे आणि नाही मिळाली तर सरकारला जाब विचारता येतो, की दोन्हीतला फरक त्यांना आपोआप कळतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा 1917 चा आहे. महाराजांच्याच स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर इथे नोकरीला आले आणि शहरात जातीमुळे कोणी राहायला जागा देईना, नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले तर तिथे लोक काठ्या घेऊन आले, दोन मित्रांना विचारलं तर दोघांनीही टाळलं, शेवटी रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. राजाचा हुकूम होता, नोकरी होती, तरी शहराने दार उघडलं नाही, म्हणजे नुसता चांगला राजा किंवा चांगला कायदा पुरत नाही, शेजारी कसे वागतात त्यावर सगळं असतं. याचं नाटक मात्र वर्गात कधीही करू नका, कुठल्याही मुलाला हाकलला गेलेला माणूस करायचं नाही, विशेषतः ज्यांच्या घरात असं घडून गेलंय अशी मुलं समोर बसलेली असताना. त्याऐवजी मुलांना त्या मित्रांच्या जागी ठेवा. तुमच्या दारात ते आले असते तर तुम्ही घरच्यांना काय सांगितलं असतं? मुलं यावर फार प्रामाणिक लिहितात.

पाण्याचा धडाही असाच राजापासून आजपर्यंत आणता येतो. बडोद्याजवळचं आजवा सरोवर महाराजांच्या काळातलं, शहराच्या पूर्वेकडच्या भागाला अजून तिथलं पाणी येतं. मुलं घरून वेराबिल आणतात, म्हणजे तुमच्याकडची घरपट्टी, त्यात पाण्याचा कर शोधतात आणि आपल्या वॉर्डाचे नगरसेवक कोण हे घरी विचारून येतात. बास, एवढं पुरतं.

मुलांच्या पणजीआजीचीही गोष्ट सांगा, घर तेच पण आधी बडोदा संस्थान, 1949 ला मुंबई राज्य, 1960 ला गुजरात, आणि मधे 1951-52 ला आयुष्यातलं पहिलं मत.

तुमच्या गावातही जुना तलाव, आड, घाट काहीतरी असेलच. तो कोणी बांधला हे पुस्तकात मिळेल, पण तिथे पाणी कोणाला भरू द्यायचे नाहीत हे म्हाताऱ्या माणसांना विचारायला मुलांना पाठवा, फक्त त्याआधी स्वतः एकदा जाऊन त्यांच्याशी बोलून या, कारण काही घरांत हा विषय अजूनही दुखरा आहे आणि मुलांनी एकदम जाऊन विचारणं बरं नाही.