अबोल आणि हळव्या माणसाने गजबजलेल्या ऑफिसात कसं टिकावं?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीच्या ऑफिसात मोकळ्या हॉलमध्ये दिवसभर बसून संध्याकाळी डोकं बधिर होतं, मॅनेजरने आवाज चढवला की दोन-दोन दिवस तेच मनात घोळत राहतं, टीममधली मुलं 'माणूसघाणा' म्हणतात. तर माणसांशी संबंधच येणार नाही अशी नोकरी शोधावी का?

एवढ्यात नको. आधी तुम्हाला नेमकं काय थकवतं ते शोधा. माझ्या अनुभवात थकवा माणसांमुळे क्वचितच येतो.

अनुभव म्हणजे बँकेचा. सातारा-सांगलीकडच्या शाखांमध्ये माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ काउंटरवर गेला. मी लहानपणापासून घुमी. पाहुणे आले की आत स्वयंपाकघरात पळणारी. बँकेत लागले तेव्हा आईसकट सगळ्यांना वाटलं होतं, ही काउंटरवर टिकायची नाही. पण काउंटर मला कधी जड गेला नाही. काचेपलीकडे एक माणूस, त्याचं एक काम, ते झालं की पुढचा. काय बोलायचं तेही ठरलेलं: स्लिप, सही, रक्कम, पासबुक. जीव नकोसा व्हायचा तो चहाच्या वेळी. घोळक्यात उभं राहून कुणाच्या बदलीवर, कुणाच्या जावयावर काहीतरी बोलायचं असायचं. आणि त्याहून जास्त, तीन-चार गोष्टी एकदम अंगावर यायच्या तेव्हा.

नोव्हेंबर म्हटलं की आजही माझे खांदे आखडतात. पेन्शनरांचे हयातीचे दाखले! शटर वर जायच्या आधीच पायऱ्यांवर रांग. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, म्हणजे मशीनवर बोट ठेवलं की दाखला ऑनलाइन जातो. पण जन्मभर शेतात राबलेल्या आजीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. मग तिचा हात ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट, तिसरं बोट, पुन्हा पहिलं. त्यात शेजारी नोटा मोजायचं मशीन फरफरतंय, फोन वाजतोय, मागून साहेब विचारतायत, "ते स्टेटमेंट गेलं का?" आणि रांगेतून आवाज, "ओ मॅडम, आम्ही काय हितंच मुक्काम करायचा का?" दुपारी डबा उघडताना हात थरथरायचे. पण नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्यात आजीचा त्रास अजिबात नव्हता. बोटं पुसता पुसता ती नातवाचं सांगायची, ते मला आवडायचं. त्रास होता तो फोनचा आणि पाठीमागून येणाऱ्या प्रश्नाचा.

मग दाखल्यांचं टेबल आत, लॉकरशेजारच्या खोलीत हलवायला सांगितलं. "मला गोंगाट सहन होत नाही" असं साहेबांना म्हटलं नाही. म्हटलं, आत खुर्च्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना ताटकळावं लागणार नाही आणि आमच्याही चुका कमी होतील. दोन्ही खरंच होतं. टेबल हललं.

तुम्हीही आठवडाभर बघा. संध्याकाळी डोकं बधिर होतं त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? सतत मेसेजचा टिंग-टिंग? पाठीमागून लोकांची ये-जा? काही न ठरवता बोलावलेली मीटिंग? की वर जळणारे पांढरे दिवे आणि एसीचा गारठा? (हसू नका, एका शाखेत एक ट्यूबलाइट फडफडायची, ती बदलल्यावर माझी डोकेदुखी निम्म्याने कमी झाली.) कारण सापडलं की मागणी लहान होते. पाठ भिंतीला लागेल अशी जागा मागा. मागताना 'मी इंट्रोव्हर्ट आहे' हे सांगायची गरज नाही. 'इथे वाटेवर बसून कोडमध्ये चुका राहतात' हे कुठल्याही मॅनेजरला कळतं.

मोकळ्या हॉलचा त्रास होणारे तुम्ही एकटे आहात असंही समजू नका. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंती काढून ऑफिस मोकळं केल्यावर लोकांचं समोरासमोर बोलणं वाढण्याऐवजी साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं होतं आणि ई-मेल-मेसेज वाढले होते. म्हणजे बोलक्या माणसांनीही हेडफोनच चढवले असणार.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात, त्या वेगळ्या केल्यात तर बरं. अबोल असणं, माणसांत राहून थकणं आणि एकांतात ताजंतवानं होणं ही एक गोष्ट. अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये मांडली तेव्हापासून रुळली, पण बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात. हळवं असणं ही दुसरी गोष्ट. आवाज, वास, समोरच्याचा बदललेला चेहरा असं सगळंच खोल जाणवतं. त्यावर एलेन ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात काम सुरू केलं, आणि त्यांच्या मते अशा हळव्या माणसांपैकी साधारण ३० टक्के चक्क बहिर्मुख असतात. यातलं काहीही आजार नाही. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचा अबोलपणा ऑफिसात फारसा आड येत नाहीये, हळवेपणा येतोय. माणसं टाळून तो सुटणार नाही. घरी बसून काम करणाऱ्यालाही एका ओळीचा कोरडा मेल दोन दिवस छळू शकतो.

आता मॅनेजरचा आवाज. माझं असं व्हायचं की समोरच्याने आवाज चढवला की शब्द ऐकूच यायचे नाहीत, नुसता आवाज. घरी येऊन रात्रभर 'मी कामाची नाही' हेच घोळायचं, आणि तो माणूस मुळात म्हणाला काय होता ते विचाराल तर सांगता यायचं नाही. एका सीनियर बाईंनी सांगितलेला उपाय अजूनही इतरांना सांगते: वही उघडायची आणि त्याच्यासमोर लिहायला लागायचं. "सर, एक मिनिट, लिहून घेते." लिहिताना मान खाली जाते, चेहरा दिसत नाही, श्वास जागेवर येतो. समोरचाही आपण बोललेलं लिहिलं जातंय म्हटल्यावर जरा खाली येतो. नंतर वाचलं तर बहुतेक वेळा निघतं एवढंच: फाईल काल हवी होती. डोळ्यांत पाणी आलंच तर येऊ दे, "तपासून दुपारपर्यंत सांगते" म्हणून उठायचं. राजीनाम्याचा विचार मात्र त्या दिवशी करायचा नाही.

पण तो रोजच ओरडत असेल, चारचौघांत अपमान करत असेल, तर तो तुमचा हळवेपणा नाही, त्याचा उद्धटपणा आहे. तारीख-वार लिहून ठेवा आणि एचआरकडे लेखी द्या. हळव्या माणसांना प्रत्येक वेळी आपल्यातच खोट शोधायची सवय असते, तिचा फायदा घेणारे पुष्कळ भेटतात.

'माणूसघाणा' या शिक्क्याबद्दल थोडंच. गप्प बसलेला माणूस लोकांना चालतो, रोज डबा घेऊन गायब होणारा शिष्ट ठरतो. सगळ्यांबरोबर बसा, भाजी पुढे करा, पंधरा मिनिटांनी "एक चक्कर मारून येतो" म्हणून उठा. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड. बोलायलाच हवं असं नाही, गप्पिष्ट माणसांना ऐकणारा हवाच असतो.

न बोलण्याचं खरं नुकसान वर्षाअखेरीला, मूल्यमापनाच्या वेळी होतं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, हे मी प्रमोशनच्या यादीत पाहिलंय. तोंडाने सांगायला लाज वाटते ना, मग लिहा. महिन्याच्या शेवटी मॅनेजरला चार ओळींचा मेल: काय पूर्ण केलं, काय अडकलंय, कुणाकडून काय हवंय. मीटिंगमध्ये ऐन वेळी सुचत नसेल तर आदल्या दिवशी मुद्दे पाठवून ठेवा. मग मीटिंगमध्ये "मेलमध्ये लिहिलंय तसं" एवढ्यावर भागतं.

रविवारी संध्याकाळपासून छाती धडधडत असेल, झोप उडाली असेल, साधा फोन उचलायचीही भीती वाटत असेल, तर मात्र 'स्वभावच असा' म्हणून बसू नका. ती चिंता असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते.

एवढं करून बघा आणि तरीही जमलं नाही तर खुशाल नोकरी बदला. पण 'माणसं नसलेली' नोकरी शोधू नका, कामाची घडी बघा. मला काउंटर झेपला, पण पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला विमा पॉलिसी गळ्यात मारायचं टार्गेट आलं तेव्हा पोटात गोळा यायचा. मी कर्जप्रकरणांच्या टेबलावर बदली मागून घेतली, तिथे पगार तोच आणि माणसंही तेवढीच. तेव्हा पुढच्या मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा: बसायची जागा कुठे, दिवसातून मीटिंगा किती, काम लेखी येतं की तोंडी, आणि ऐन वेळची कामं किती पडतात. जमलं तर दुपारच्या वेळी त्या मजल्यावरून एक फेरी मारायला मिळते का तेही बघा.