वाचकांचे प्रश्न : सूचनापेटी रिकामी का राहते?

प्रश्न : मी कोकणातील तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. वर्षभरापूर्वी आम्ही दाराशी सूचनापेटी बसवली. तिच्यात आजवर पाच चिठ्ठ्या पडल्या, त्यांतल्या तीन पंख्याविषयी होत्या. पुढे 25 प्रश्नांचा छापील अर्ज सभासदांना वाटला. जे अर्ज परत आले, त्यांत बहुतेकांनी ‘उत्तम’ या चौकटीत खूण केली होती; सभासदसंख्या मात्र घटतेच आहे. सभासदांचे खरे मत कसे मिळवावे?

उत्तर : तीन चिठ्ठ्या आल्यानंतर त्या पंख्याचे काय झाले, हे आपण लिहिलेले नाही. तो तसाच असेल, तर आणखी चिठ्ठ्या न येणे स्वाभाविक आहे.

‘उत्तम’चे कारण वेगळे आहे. आपला अर्ज बहुधा ग्रंथपालांनीच पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावरून दिला असेल, वर नाव व सभासद क्रमांक लिहायला जागा असेल आणि तो त्यांच्याच हाती परत द्यायचा असेल. जे गृहस्थ दिवाळी अंक आपल्यासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवतात, त्यांच्यासमोर ‘असमाधानकारक’ अशी खूण करण्याइतका कठोरपणा गावात कोणी दाखवत नाही, आणि दाखवूही नये. शिवाय ‘सेवा कशी वाटते?’ या प्रश्नाला शिष्टाचाराचेच उत्तर मिळते. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी : गेल्या महिन्यात आपण कोणते पुस्तक मागितले आणि ते मिळाले नाही? मग आपण काय केले? असे दोन-तीन प्रश्न पुरेत.

काही मते तर न विचारताच मिळतात. मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो, तिथे आम्ही टेबलावर एक साधी शंभर पानी वही ठेवली होती. मागितलेले पुस्तक देता आले नाही की तारीख, पुस्तकाचे नाव आणि ‘संग्रहात नाही’, ‘बाहेर गेले आहे’ किंवा ‘सापडत नाही’ यांपैकी एक कारण तिच्यात लिहायचे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके कमी पडत असतील अशी आमची अटकळ होती, आणि त्यांच्या खरेदीवर आम्ही दोन सभा खर्ची घातल्या होत्या. दोन महिन्यांनी वही पाहिली, तर सर्वाधिक नोंदी ‘सापडत नाही’ अशा होत्या : दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहातल्या पुस्तकांच्या यादीत असलेली, पण कपाटात भलत्याच ठिकाणी गेलेली पुस्तके. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र आमच्याच भिंतीवर टांगलेले होते! शासनाचे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीची मदत, वाचनालयाच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ या वर्गानुसार मिळत असल्याने आपल्या नोंदवह्या तपासणीसाठी चोख असतात. वाचकाला मिळालेल्या नकाराची नोंद मात्र कोणी मागत नाही, म्हणून ती कोणी ठेवतही नाही.

तरीही सर्वांत मोलाची माहिती ज्यांनी सभासदत्व सोडून अनामत परत नेली त्यांच्याकडे असते. जे येत राहतात त्यांनी गैरसोयीशी जुळवून घेतलेले असते. अनामत परताव्याच्या नोंदीतून गेल्या दोन वर्षांतील नावे काढा आणि मंडळातील एखाद्या सदस्याने, ग्रंथपालांनी नव्हे, त्यांना फोन करावा. ‘परत या’ असा आग्रह त्यात नसावा. शेवटचे पुस्तक परत केले त्या दिवसाची हकिकत तेवढी विचारावी. आम्हाला एका शिक्षिकेने सांगितले की संध्याकाळची देवघेव साडेपाचला सुरू होते आणि त्यांच्या गावाची शेवटची एसटी पावणेसहाला सुटते. आमच्या छापील अर्जात यासाठी चौकट नव्हती. देवघेव पाचला सुरू केल्यावर त्या वाटेवरच्या गावांतले आणखी काही सभासद परतले.

आलेल्या प्रत्येक सूचनेचे उत्तर महिनाअखेरीस फलकावर लावावे. नकार असेल तर कारणासह, उदाहरणार्थ, ‘कर्मचारी एकच असल्याने रविवारी वाचनालय उघडे ठेवता येणार नाही.’ कारण वाचून एखादा सभासद रविवारी दोन तास बसायला तयार होतो, हेही मी पाहिले आहे. तीच यादी वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाबरोबर वाचावी.

सूचनापेटी काढू मात्र नका, कारण निनावी तक्रारीला तेवढीच जागा असते. फक्त तिची किल्ली ग्रंथपालांकडे न ठेवता अध्यक्षांकडे द्यावी, आणि पेटी दर महिन्याच्या सभेत सर्वांसमोर उघडावी.