गुहागरच्या घराच्या अंगणात जमिनीवरचा स्विमिंग पूल बसवतोय. उतरायला शिडी घ्यावी की पायऱ्या?

म्हातारी माणसं, पोरं उतरणार असतील तर कठड्याच्या रुंद प्लास्टिक पायऱ्याच घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं नावच नको. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस ठिपके येतात, म्हणून नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे मागा. आधी पूलच्या भिंतीची उंची मोजा, बहुतेक ४८ किंवा ५२ इंच असते. पोकळ पायऱ्या पाण्यात तरंगतात, त्यामुळे आत वजन लागतं: धुतलेली वाळू जाड पिशव्यांत घट्ट बांधून भरा. (समुद्रावरची उचलून आणू नका!) खाली मॅट हवीच, नाहीतर लायनर (पूलच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) घासून फाटतो. बाहेरची बाजू सपाट जांभ्यावर टेकवा, पावसाळ्यात शेवाळ खरवडत राहा. आणि बाहेरची शिडी वर उचलून कुलूप लावता येईल अशीच बघा, शेजारची पोरं दुपारी येतातच.