टूलचं वर्णन वाचणारा परत विचारायला येत नाही

प्रिय,

तुझ्या एआय एजंटला जी टूल्स, म्हणजे गरजेप्रमाणे त्याने स्वतः बोलवायची फंक्शन्स, दिली आहेत त्यांची तू पाठवलेली वर्णनं वाचली. भाषा स्वच्छ आहे, नावं ठेवायला जागा नाही. तरीही एजंट भलतंच टूल उचलतो, ही तुझी तक्रार रास्त आहे. फक्त मॉडेल बदलायच्या गोष्टी इतक्यात नकोत.

तुझं एक वर्णन असं आहे: ‘ऑर्डर_शोधा: ऑर्डर शोधते.’ नावातून कळलं तेच पुन्हा एकदा. माणसाचं अशावर भागतं. तो कोड उघडून बघतो, नाहीतर शेजारच्याला विचारतो. एजंटच्या हाती नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), बस्स. उरलेलं तो अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज आहे हे उत्तर वाचून ओळखूही येत नाही.

मी ते असं लिहिलं असतं: ‘ग्राहक_आयडी किंवा ऑर्डर क्रमांकावरून ऑर्डर शोधते. नव्या ऑर्डर आधी, एका वेळी जास्तीत जास्त २०; पुढच्या हव्या असतील तर उत्तरातला कर्सर (यादी कुठे थांबली ती खूण) परत पाठवा. रद्द झालेल्या ऑर्डर यात येत नाहीत. पार्सल कुठवर पोचलं हे यातून कळत नाही, त्यासाठी शिपमेंट_स्थिती वापरा.’

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. टूल काय करतं हे सगळेच लिहितात; काय करत नाही आणि मग कुठे जायचं, हे लिहायचं राहून जातं. एजंटची गफलत बहुतेक वेळा सख्ख्या शेजाऱ्यांत होते. तुझ्याकडे ‘ग्राहक_शोधा’ आणि ‘ग्राहक_माहिती’ अशी दोन टूल्स आहेत. मलाच फरक कळायला दोनदा वाचावं लागलं. तिथे वर्णन लांबवण्यापेक्षा दोन्ही एकत्र करता येतात का ते आधी बघ.

आता पॅरामीटर. ‘तारीख: स्ट्रिंग’, म्हणजे कुठलाही मजकूर चालेल, एवढ्यावर सोडलंस तर ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस हवा असं सांग, एक नमुना दे, आणि टाइमझोन कुठला धरला जातो तेही लिही. ठरावीकच व्हॅल्यू चालत असतील तर त्या वर्णनात गुंफू नकोस, स्कीमात एनम, म्हणजे चालणाऱ्या व्हॅल्यूंची बंद यादी, म्हणून बांधून टाक. ‘यूजर’ऐवजी ‘यूजर_आयडी’ म्हण, आणि तो आयडी कुठल्या टूलमधून मिळतो ते लिही. नाहीतर एजंट खऱ्यासारखा दिसणारा आयडी स्वतःच रचून पाठवेल.

एररचा मजकूर हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, आणि तो नेमका अडलेल्या क्षणी वाचला जातो. ‘४००: चुकीची विनंती’ वाचून एजंट तीच विनंती पुन्हा पाठवेल, नाहीतर काहीतरी भलतंच बदलून बघेल. त्याजागी ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या तारखेच्या आधीची आहे, दोन्ही तपासून पुन्हा पाठवा’ असं लिहिलंस की काम पुढे सरकतं. काहीच सापडलं नाही तर तेही स्पष्ट सांग. रिकामी यादी म्हणजे डेटा नाही, की परवानगी नाही? हे दोन वेगळे निकाल आहेत आणि वेगळेच दिसले पाहिजेत.

‘रिफंड_द्या’बद्दल मात्र जरा कडक बोलतो. टाइमआउट झाल्यावर एजंटने ते पुन्हा चालवलं तर रिफंड दोनदा जातो का? तुझ्या वर्णनात याचा उल्लेखच नाही. आधी टूलमध्ये आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावं म्हणून सोबत पाठवायची खूण) घे, मग वर्णनात लिही की पुन्हा प्रयत्न करताना तीच की वापरायची. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एजंटला टूल्स जोडायच्या प्रमाणित पद्धतीत, टूल फक्त वाचतं की काही नष्ट करतं हे सांगायची सोय आहे, ती जरूर वापर. पण त्या केवळ सूचना आहेत, तिथे कुलूप नाही. ‘ग्राहकाच्या संमतीशिवाय चालवू नये’ हे वाक्य वर्णनात असलं तरी खरी अडवणूक कोडमध्येच हवी.

लांबीचंही भान ठेव. ही वर्णनं साधारणपणे दर विनंतीसोबत कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल वाचतं त्या मजकुरात, जातात; म्हणून प्रत्येक फालतू ओळीचे टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. टूलचा इतिहास, ‘अत्यंत शक्तिशाली’ वगैरे विशेषणं काढून टाक. आणि ‘नेहमी हेच टूल वापरा’ असं ओरडून सांगू नकोस. एजंट ते खरं मानतो आणि गरज नसतानाही तेच उचलतो. (हा प्रकार मी जाणत्या लोकांच्या कामातही पाहतो.)

तपासायला कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला नुसती वर्णनं दे, ग्राहकाचे खरे प्रश्न पुढे ठेव आणि कुठलं टूल, पॅरामीटरच्या कुठल्या व्हॅल्यू, एवढंच विचार. तो अडखळला की तिथली ओळ बदल. मग तेच प्रश्न एजंटला घाल आणि त्याने टूल्सना केलेले कॉल ओळीने वाच. एका वेळी एकच वर्णन बदल, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कळणार नाही.

पुढच्या खेपेला वर्णनांसोबत एररचे मजकूरही पाठव, ‘रिफंड_द्या’चे सगळ्यात आधी. आणि जमलेल्या संवादांचे लॉग नकोत, फसलेले पाठव.

तुझा,
दादा